स्त्रीहृदयाची कवचकुंडले

प्रस्तावना

महाभारतातील कर्ण जन्मतःच कवचकुंडले घेऊन आला होता, ही कथा तुम्हाला ठाऊक असेलच. ती अंगावर होती तोवर त्याला जिंकणे कोणालाही शक्य नव्हते. ती गेली आणि कर्णही इतर योद्ध्यांसारखाच झाला. स्त्रीच्या हृदयालाही निसर्गाने अशीच काहीशी कवचकुंडले दिली आहेत. ती डोळ्यांना दिसत नाहीत, कारण ती रक्तात विरघळलेली असतात. त्यांना स्त्री-संप्रेरके असे म्हणतात. ही कवचकुंडले हृदयाचे रक्षण कसे करतात, ती केव्हा गळून पडतात आणि गळून पडल्यावर काय करावे, हे आपण या पाठात समजून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला :
• संप्रेरक म्हणजे काय, ते सांगता येईल;
• हृदयाला इजा कशी होते आणि स्त्री-संप्रेरके ती कशी कमी करतात, हे स्पष्ट करता येईल;
• संप्रेरकांच्या गोळ्यांविषयी झालेल्या संशोधनातून कोणता बोध मिळाला, हे सांगता येईल;
• स्वतःच्या व कुटुंबातील स्त्रियांच्या आरोग्याविषयी विचारपूर्वक निर्णय घेता येईल.

मूळ पाठ

एक अर्धसत्य

घरातील कर्त्या पुरुषाच्या छातीत दुखू लागले, की सारे घर धावपळ करू लागते. कोणी डॉक्टरांकडे धाव घेतो, कोणी रिक्षा आणतो. त्याच घरात पन्नाशी ओलांडलेली आई ‘जीव घाबरतो, धाप लागते’ असे म्हणाली, तर तिला बहुधा ‘पित्त झाले असेल, जरा पडून राहा’ असा सल्ला मिळतो. पुष्कळदा ती स्वतःच तशी समजूत घालून घेते आणि पदर खोचून पुन्हा कामाला लागते. यामागे एक जुनी समजूत आहे. ती म्हणजे, हृदयविकार हा पुरुषांचा आजार आहे, बाईमाणसाला तो होत नाही.

ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचे एक गाव आहे. १९४८ साली तेथील ५,२०९ स्त्री-पुरुषांची नोंद करून त्यांच्या हृदयाच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. ठरावीक काळाने त्यांची तपासणी होत राहिली. १९७६ साली या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध झाली. एकाच वयाच्या स्त्रियांची तुलना केली असता, ज्यांची मासिक पाळी चालू होती त्यांच्यापेक्षा ज्यांची पाळी थांबली होती त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले. वय तेच, गाव तेच. फरक होता तो पाळीचा. पाळी थांबण्याबरोबर शरीरातून असे काही कमी होत असावे, की जे तोवर हृदयाला सांभाळत होते. ते काय, याचा शोध घेताना शास्त्रज्ञांचे लक्ष स्त्री-संप्रेरकांकडे गेले.

रक्तातून फिरणारे निरोपे

आपल्या शरीरात काही ग्रंथी असतात. त्या अत्यंत अल्प प्रमाणात रसायने तयार करून थेट रक्तात सोडतात. ही रसायने म्हणजे संप्रेरके. गावचा निरोप्या जसा घरोघरी जाऊन सांगावा पोचवतो, तशी ती रक्तातून दूरच्या अवयवांपर्यंत जातात आणि ‘हे काम सुरू कर’, ‘ते थांबव’ असा निरोप देतात. स्त्रीच्या ओटीपोटात, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एक-एक अंडाशय असते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन प्रमुख स्त्री-संप्रेरके तेथे तयार होतात. १९२९ साली जर्मनीत आडोल्फ बुटेनांट आणि अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनी स्वतंत्रपणे काम करून इस्ट्रोजेनाचा एक प्रकार शुद्ध रूपात वेगळा केला.

मासिक पाळी व गर्भधारणा यांपुरतेच या संप्रेरकांचे काम असते, असे पुष्कळ वर्षे मानले जात होते. परंतु निरोप पोचण्यासाठी तो घेणाराही हवा. पेशींमध्ये विशिष्ट प्रथिने असतात. संप्रेरक त्यांना जाऊन चिकटले, म्हणजे निरोप पोचतो. त्यांना ग्राही असे म्हणतात. इस्ट्रोजेनाचा एक ग्राही आधीपासून माहीत होता. १९९६ साली स्वीडनमधील यान-ओके गुस्ताफसोन यांच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या प्रकारच्या ग्राहीचा शोध प्रसिद्ध केला. असे ग्राही केवळ गर्भाशयात व स्तनांत नसून मेंदूत, हाडांत, रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या स्नायूतही असतात. म्हणजे इस्ट्रोजेनाचा निरोप हृदयही ऐकत असते.

हृदयावर घाव कसा पडतो?

कवचाचे काम समजण्यापूर्वी घाव समजून घेऊ या. आपल्या मुठीएवढे हृदय दिवसभरात सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या अवयवाला स्वतःसाठीही रक्त लागते. ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांमधून मिळते. वाढत्या वयाबरोबर या रोहिण्यांच्या आतल्या बाजूस चरबीचे थर साचू लागतात. एखादे दिवशी असा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. पाटात बांध पडावा आणि पुढचे शेत कोरडे पडावे, तसा हृदयाचा तो भाग रक्तावाचून तडफडू लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. अडथळा दूर झाला नाही, तर सुमारे वीस ते तीस मिनिटांनंतर तेथील पेशी मरू लागतात आणि पुढे दर तासाला अधिकाधिक स्नायू कायमचा निकामी होतो.

उपचार करून वाट मोकळी केली, म्हणजे बहुतांश स्नायू वाचतो. मात्र रक्त परत येते त्या वेळी काही पेशींना आणखी इजा होते, हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम भरपेट जेवू घातले तर ते त्याला बाधते, तसाच हा प्रकार आहे. पेशीत तंतुकणिका नावाचे सूक्ष्म भाग असतात. प्राणवायूच्या साहाय्याने ऊर्जा निर्माण करणे हे त्यांचे काम. उपासमारीनंतर प्राणवायू एकाएकी परतला, की त्यांच्यात घातक रसायने तयार होतात. पेशीत कॅल्शियमही जादा साचते. या दुहेरी माऱ्याने तंतुकणिकांच्या आवरणातील छिद्रे उघडतात, ऊर्जानिर्मिती कोसळते आणि पेशी मरते.

यावरून हृदयाच्या रक्षणाचे दोन टप्पे दिसतात. पहिला टप्पा म्हणजे वाट बंद होऊ न देणे. दुसरा, वाट बंद झालीच तर तो घाव सोसण्याचे बळ स्नायूच्या अंगी असणे. स्त्री-संप्रेरके या दोन्ही टप्प्यांवर काम करतात.

पाठगत प्रश्न १
(अ) संप्रेरकांना ‘निरोपे’ का म्हटले आहे?
(आ) रक्तपुरवठा परत सुरू होताना काही पेशींना इजा का होते?

कवचाचे कार्य

पहिल्या टप्प्याचा विचार करू. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूस पेशींचे एक अतिशय नाजूक अस्तर असते. इस्ट्रोजेनाचा निरोप मिळाला, की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अधिक प्रमाणात तयार करते. त्यामुळे रक्तवाहिनीची भिंत सैल होते, ती रुंदावते आणि रक्त सुरळीत वाहते. हा वायू शरीरात संदेश पोचवण्याचे काम करतो, या शोधासाठी रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना १९९८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. याखेरीज रोहिण्यांत थर साचवणारे घातक कोलेस्टेरॉल इस्ट्रोजेनामुळे कमी राहते आणि उपकारक कोलेस्टेरॉल काहीसे वाढते.

दुसऱ्या टप्प्याची माहिती मुख्यत्वे प्रयोगशाळेतील उंदरांवरील प्रयोगांतून मिळाली. नर आणि मादी यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा सारख्याच वेळापुरता बंद करून पुन्हा सुरू केला, तर अनेक प्रयोगांत मादीच्या हृदयाचा कमी भाग मृत झालेला आढळला. मादीची अंडाशये आधीच काढून टाकली, तर हा लाभ कमी झाला. बाहेरून इस्ट्रोजेन दिले, तेव्हा तो पुन्हा दिसू लागला. पेशीला जगवणाऱ्या अंतर्गत यंत्रणा इस्ट्रोजेनामुळे जाग्या होतात, घातक रसायने व कॅल्शियम यांचा साठा कमी राहतो आणि तंतुकणिकांची ती छिद्रे सहजासहजी उघडत नाहीत, असे या संशोधनातून दिसते. सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. प्रोजेस्टेरॉनची भूमिका तर अधिकच गुंतागुंतीची आहे. त्याच्यासारखी काही कृत्रिम औषधे इस्ट्रोजेनाचा लाभ उलट कमी करतात, असे माकडांवरील प्रयोगांत आढळले आहे.

बाटलीतील कवच

एवढे कळल्यावर एक सोपा विचार कोणाच्याही मनात येईल. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटत असेल, तर ते गोळीतून द्यावे म्हणजे झाले! डॉक्टरांच्याही मनात हा विचार आला होता. त्याची पुढची कहाणी विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे.

आरंभी हा प्रयोग पुरुषांवर झाला. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत झटक्यातून वाचलेल्या पुरुषांना इस्ट्रोजेन देऊन पाहिले. लाभ तर झाला नाहीच. मोठी मात्रा घेणाऱ्यांत झटके वाढल्याने १९७० साली ती मात्रा बंद करावी लागली. पुढे १९७६ साली अमेरिकेतील सुमारे १ लाख २१ हजार परिचारिकांचा अभ्यास सुरू झाला. पाळी थांबल्यावर संप्रेरके घेणाऱ्या परिचारिकांत हृदयविकाराचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मे असल्याचे १९८५ साली प्रसिद्ध झाले. मग लाखो स्त्रियांना हृदयरक्षणासाठी या गोळ्या दिल्या जाऊ लागल्या.

परंतु अशा निरीक्षणात एक मेख असते. स्वतःहून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या आणि प्रकृतीला जपणाऱ्या असतात. त्यांचे हृदय गोळ्यांमुळे चांगले राहिले, की राहणीमुळे? हे ठरवण्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने स्त्रियांचे दोन गट पाडावे लागतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी द्यावी लागते. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवर अशी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष १९९८ साली आला. संप्रेरकांचा एकंदर लाभ दिसला नाही. पहिल्या वर्षी तर झटके वाढलेच. त्यानंतर ५० ते ७९ वर्षे वयाच्या १६,६०८ स्त्रियांवरील मोठी चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली. इस्ट्रोजेन व कृत्रिम प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला हृदयविकाराचे ७, पक्षाघाताचे ८ आणि स्तनांच्या कर्करोगाचे ८ रुग्ण अधिक आढळले होते. खुब्याच्या हाडाचे मोडणे मात्र कमी झाले होते.

मग प्रयोगशाळेतील कवच खोटे होते काय? तसे नाही. २००२ च्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ वर्षांच्या आसपास होते. अनेकींची पाळी थांबून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि रोहिण्यांत थर साचू लागले होते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६४३ स्त्रियांचे दोन गट केले होते. पाळी थांबल्यापासून सहा वर्षांच्या आत इस्ट्रोजेन सुरू केलेल्यांत मानेतील रोहिणीची भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. दहा वर्षांनंतर सुरू केलेल्यांत असा लाभ दिसला नाही. नव्या खांबाला दिलेले वार्निश त्याला टिकवते. वाळवीने पोखरलेल्या खांबाला तेच वार्निश देऊन उपयोग होत नाही. म्हणून आज पाळी थांबतानाचा त्रास, उदाहरणार्थ अंगातून येणाऱ्या गरम वाफा, फारच असह्य झाला तर डॉक्टर प्रकृती पाहून संप्रेरके देतात. केवळ हृदयविकार टळावा या हेतूने ती घेण्याची शिफारस केली जात नाही आणि स्वतःच्या मनाने तर ती मुळीच घेऊ नयेत.

कवच अकाली उतरते तेव्हा

आपल्या देशात पाळी थांबण्याचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे आहे. ही नैसर्गिक रजोनिवृत्ती हळूहळू येते. परंतु शस्त्रक्रियेने दोन्ही अंडाशये काढली, तर इस्ट्रोजेन एकदम घटते. तरुण वयात असे झाले आणि पुढे उपचार मिळाले नाहीत, तर हृदयविकाराचा धोका वाढतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

बोलीभाषेत ‘पिशवी काढली’ असे आपण सहज म्हणून जातो. पिशवी म्हणजे गर्भाशय. गर्भाशय काढले तरी अंडाशये ठेवता येतात आणि ती संप्रेरके तयार करीत राहतात; मात्र अशा स्त्रियांतही रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. आपल्या पोटातून नेमके काय काढले गेले, हे पुष्कळ स्त्रियांना सांगितलेलेच नसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील दर १०० स्त्रियांपैकी सुमारे तिघींचे गर्भाशय काढलेले होते. आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि बिहार या राज्यांत हे प्रमाण अधिक होते. महाराष्ट्रातील बीड जिल्ह्यात २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाली होती. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर आडोसा नाही, पाणी नाही. तेव्हा ‘एकदाची कटकट गेली’ या भावनेने कित्येकींनी ती करून घेतली होती. अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी केंद्र सरकारने आखलेल्या मार्गदर्शक सूचना राज्यांनी अमलात आणाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला.

कर्करोगासारख्या आजारात अशी शस्त्रक्रिया प्राण वाचवते, हे विसरता कामा नये. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक स्त्रीला आहे. औषधाने काम भागणार नाही का? अंडाशये ठेवता येतील का? ती काढावीच लागली, तर पुढे कोणते उपचार घ्यावे लागतील? शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचेही मत घ्यावे.

कवच गेल्यानंतर

कवच शाबूत असतानाही ते अभेद्य नसते. मधुमेहामुळे स्त्रीला मिळालेला हा नैसर्गिक लाभ बराचसा पुसला जातो. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी इतरांपेक्षा लवकर थांबते. गरोदरपणी रक्तदाब वाढला असेल, तर पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक असतो. म्हणून चाळिशीनंतर रक्तदाब आणि रक्तातील साखर नियमित तपासून घ्यावी. तंबाखू कोणत्याही रूपात टाळावी. रोज भरभर चालावे, आणि घरातल्या साऱ्यांचे जेवण आटोपल्यावर उरलेसुरले खाण्याची सवय सोडून स्वतःच्या आहाराकडेही लक्ष द्यावे.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. झटका आला असता स्त्रियांच्याही छातीत दुखते किंवा दडपण येते. परंतु त्याबरोबर, किंवा क्वचित त्याऐवजी, धाप लागणे, मळमळणे, दरदरून घाम येणे, जबडा, पाठ वा खांदा दुखणे, विलक्षण थकवा येणे अशी लक्षणे त्यांच्यात अधिक दिसतात. अशा वेळी ‘पित्त असेल’ म्हणून वाट पाहू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. प्रत्येक मिनिटाला हृदयाचा थोडा स्नायू हातचा जात असतो.

कर्णाने कवचकुंडले दिली, ती मागणारा कोण आहे आणि आपण काय देत आहोत हे पूर्णपणे जाणून. आपल्या अवतीभवतीच्या कितीतरी स्त्रियांचे कवच मात्र त्यांच्या नकळत जाते. कधी वयाने, तर कधी शस्त्रक्रियेने. गेलेले कवच परत आणणे विज्ञानाला अजून पुरते साधलेले नाही. ते केव्हा जाते आणि गेल्यावर कसे जपावे, याचे ज्ञान मात्र आज आपल्या हाती आहे. ते घरातल्या प्रत्येक आई-बहिणीपर्यंत पोचवणे एवढे तरी आपण निश्चित करू शकतो.

आपण काय शिकलो?

• इस्ट्रोजेन रक्तवाहिन्या सैल ठेवते आणि हृदयस्नायूला घाव सोसण्याचे बळ देते.
• हे संरक्षण रजोनिवृत्तीनंतर कमी होते. अंडाशये अकाली काढल्यास ते लवकर संपते.
• बाहेरून दिलेल्या संप्रेरकांचा परिणाम वय, वेळ व प्रकृती यांवर अवलंबून असतो.
• स्त्रियांच्या हृदयविकाराची लक्षणे ओळखून त्वरित उपचार घेणे आवश्यक आहे.

शब्दार्थ

संप्रेरक – ग्रंथींत तयार होऊन रक्तातून निरोप पोचवणारे रसायन
ग्राही – संप्रेरकाचा निरोप स्वीकारणारे पेशीतील प्रथिन
रोहिणी – हृदयाकडून अवयवांकडे रक्त नेणारी वाहिनी
तंतुकणिका – पेशीत ऊर्जा निर्माण करणारा सूक्ष्म भाग
रजोनिवृत्ती – मासिक पाळी कायमची थांबणे
मेख – अडचणीची खोच
खाडा – कामावरील गैरहजेरी

पाठान्त प्रश्न

१. ‘ही समजूत सर्वस्वी खोटी नाही, म्हणूनच ती अधिक धोक्याची आहे’, या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
२. परिचारिकांचा अभ्यास आणि २००२ सालची चाचणी यांचे निष्कर्ष वेगवेगळे का आले?
३. गर्भाशय काढणे आणि अंडाशये काढणे यांतील फरक हृदयाच्या दृष्टीने कसा महत्त्वाचा आहे?
४. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या स्त्रीला या पाठातील माहिती सांगायची आहे. ती तुम्ही तुमच्या बोलीत कशी सांगाल? दहा ओळींत लिहा.